अंगठ्याखालचं वचन

पुनरुत्थानाच्या रविवारी, ईस्टरला, वैरागरांच्या घरी मटण शिजलं, याचं वाडीत कुणाला नवल वाटलं नाही. त्या उन्हाळ्यात चारा नव्हता, घोडेगावच्या बाजारात माणसं जनावरं जवळजवळ सोडूनच येत होती, आणि वर्षभर रेशनच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी खाणाऱ्यालाही एखाद्या सणाला बोकड परवडत होता. नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. सकाळची उपासना संपल्यावर घरधनी शांतवन गुरुजींनी पाळकांना जेवायला बोलावलं नाही. सणाच्या पंगतीला पाळक नाहीत म्हणजे घरात आणखी काहीतरी शिजतंय, एवढं चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी चपला घालता घालताच ओळखलं.

शिजत होतं ते धाकट्या लेकीचं, सलोमीचं लग्न. सलोमी नर्स होती. दुष्काळी कामाच्या तळावर, पाझर तलावाच्या बांधाशेजारी तंबू ठोकून जो दवाखाना चालवला होता, तिथं ती गेले वर्षभर काम करत होती, आणि त्याच बांधावर ओव्हरसियर असलेला गहिनीनाथ तिला भेटला होता. घोडेगावच्या शेतकऱ्याचा मुलगा. तो ख्रिस्ती होणार नव्हता, आणि सलोमीनं चर्च सोडावं असंही त्याचं म्हणणं नव्हतं. नगरला जाऊन नोंदणी करायची, एवढं दोघांनी ठरवलं होतं. पण सलोमी याच घरात वाढलेली. पुस्तक ‘नको’ म्हणालं तर त्याला तसं सांगून टाकीन, असं ती बापाला कबूल करून बसली होती.

पुस्तक म्हणजे घरचं जुनं पवित्र शास्त्र. वैरागरांच्यात मोठा प्रश्न आला की ते पुस्तकाला विचारत. घरातल्या सगळ्यांत वडील पुरुषानं हात धुवायचे, प्रार्थना करायची, डोळे मिटून पुस्तक उघडायचं आणि उजव्या पानावर अंगठा टेकवायचा. अंगठ्याखाली येईल ते वचन मोठ्यानं वाचायचं, आमेन म्हणायचं आणि पुस्तक मिटायचं. त्यावर अपील नाही. आणि गंमत अशी, की या घराला दरवेळी एकच वचन यायचं. देव अब्रामाला म्हणतो, आपला देश, आपले नातलग आणि बापाचं घर सोडून निघ, ते. गुरुजींचे वडील दाविद आजा याच वचनावर भाऊबंद सोडून मिशनच्या आसऱ्याला आले होते. मिशनच्या शेतात राखण करताना ते माळ्यावर बसून हेच पान रोज वाचायचे, आणि वाऱ्यानं पान उडू नये म्हणून त्यावर नदीतला एक काळा गोटा ठेवायचे. तो गोटा अजून सोप्यातल्या फडताळात पुस्तकाशेजारी होता. एका पाळकांनी उपदेशात सांगितलं होतं, की वैरागरांच्या घराला देवानं एकच शब्द दिलाय आणि तो कधी बदलत नाही. तेव्हापासून गुरुजींची मान जरा ताठच असायची.

थोरली अन्ना दुपारच्या एस.टी.नं नगरहून आली. खांद्याला पिशवी आणि छातीशी कापडात गुंडाळलेलं पुस्तक. जानेवारीत पुस्तकाचा पुठ्ठाच हातात आला, तेव्हा तिनंच ते बांधायला नेलं होतं. मिशनच्या मुलींच्या शाळेत ती शिवण आणि पुस्तकबांधणी शिकवायची.

“सलाम, आई.”

“सलाम गं बाई. लई उशीर केला.”

“पांढरीपुलाशी एस.टी. तापली. ड्रायव्हर म्हणाला, इंजिनाला कुणीतरी पाणी द्या. सगळ्या एस.टी.नं आपापले तांबे पदराआड घेतले.”

“मंग? कोनी दिलं?”

“मी दिलं. नाहीतर मटण थंड झालं असतं.”

राहेलबाई हसल्या. पण लेकीचं हसणं डोळ्यांपर्यंत गेलं नाही, हे त्यांनी पाहिलं. चाळिशी ओलांडलेली ही लेक नेहमी अशीच यायची, सगळ्यांसाठी काहीतरी आणायची, भांडी घासायची आणि सोमवारच्या पहिल्या गाडीनं परत जायची. तिचं लग्न राहूनच गेलं होतं. बोलून उपयोग नव्हता, म्हणून त्या कधी बोलल्या नव्हत्या. आज मात्र चुलीपुढं बसून त्या मनात एकच घोकत होत्या, की देवा, हिच्यासारखं धाकटीचं नको.

सून पुष्पावती कांदा चिरत होती. ती आणि तिचा नवरा योहान, अन्नाचा भाऊ, नगरला सावेडीत राहायचे. तिच्या मामेभावाचं स्थळ तिनं सलोमीसाठी आधीच सुचवून ठेवलं होतं. मुलगा मंडळीतला, नोकरीवाला आणि स्कूटरवाला.

“अक्का, तुम्हीच समजवा हिला,” ती अन्नाला म्हणाली. “आमचं कुठं ऐकते? पुस्तकाचं ऐकायचं म्हणजे काय, ते तुम्ही दाखवून दिलंय. आमच्या मंडळीत अजून तुमचं उदाहरण देतात.”

“माहीत आहे मला,” अन्ना म्हणाली. “लोक मला बघून आपापल्या मुली सांभाळतात.”

पुष्पावतीला यात टोमणा आहे की नाही ते कळेना. तिनं पुन्हा कांदा हातात घेतला. सलोमी ताटं पुसत होती, ती हळूच बहिणीजवळ आली.

“अक्का, तुला तेव्हा फार वाईट वाटलं होतं का गं?”

अन्नानं सलोमीच्या केसातली काडी काढून टाकली आणि पुस्तक घेऊन सोप्यात गेली.

जेवणं झाली. हात धुवायला घरात प्रत्येकी अर्धा तांब्या पाणी होतं, गुरुजींना मात्र पूर्ण तांब्या दिला. सतरंजीवर सगळे बसले. गुरुजी भिंतीला टेकून, त्यांच्या उजव्या हाताला योहान, मग पुष्पावती, दाराशी राहेलबाई आणि मध्ये एकटी सलोमी. अन्ना फडताळाखाली बसली, तिथंच ती नेहमी बसायची.

“सुरेख बांधलंस,” गुरुजी पुस्तकावरून हात फिरवत म्हणाले. नव्या पुठ्ठ्याला अजून सरसाचा वास होता. “बाबा असते तर खूश झाले असते.”

मग ते सलोमीकडे वळले. “तू मोकळ्या मनानं बसली आहेस ना, बेटा? मागाहून रडायचं नाही.”

“हो, बाबा. पुस्तक सांगेल ते.” तिचा आवाज बारीक झाला होता.

गुरुजींनी लांब प्रार्थना केली. पावसासाठी केली, गुराढोरांसाठी केली, दिल्लीपासून वाडीपर्यंतच्या सगळ्या अधिकाऱ्यांसाठी केली आणि शेवटी सलोमीवर आले. डोळे मिटूनच त्यांनी पुस्तक मांडीवर उघडलं, अंगठा टेकवला आणि डोळे उघडले. वाचायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

“काय आलं, बाबा?” योहाननं विचारलं.

गुरुजींनी चष्मा सारखा केला आणि वाचलं. निवासमंडपाच्या पडद्यांची मापं होती. पडदा किती हात लांब, किती हात रुंद, आणि सगळे पडदे एकाच मापाचे.

“आमेन,” योहान सवयीनं म्हणाला, आणि मग आपण कशाला आमेन म्हणालो ते त्याच्या ध्यानात आलं.

पुष्पावतीनं पदर सावरला. “तसं बघितलं तर स्पष्टच आहे, बाबा. पडदा. म्हणजे मुलीनं मर्यादेत राहावं, आपल्याच लोकांत.”

“आगं, पडदा तर लग्नातबी धरत्यात,” राहेलबाई दारातून म्हणाल्या. “त्येंच्यात न्हाई का, नवरा-नवरीच्या मधी धरत्यात? आंतरपाट. मला तर वाटतंय देव व्हय म्हनतोय.”

“आई, निवासमंडपात आंतरपाट कुठून आला?”

“मंग मर्यादा कुठनं आली रे?”

सलोमीला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं. तिनं तोंडावर पदर धरला.

“थांबा,” गुरुजी म्हणाले. “माझंच लक्ष नव्हतं. जेवणानंतर कधी विचारलं नव्हतं आपण. मी पुन्हा उघडतो.”

पुन्हा उघडणं या घरात कधी झालं नव्हतं. योहाननं मान वर केली. गुरुजींनी डोळे मिटले, तेवढ्यात अन्ना उठून आली आणि तिनं पुस्तकावर हात ठेवला.

“बाबा, पुन्हा उघडलंत तरी ते पान येणार नाही.”

“कुठलं पान?”

“तुम्ही शोधताय ते. आपलं पान.” ती त्यांच्यासमोर बसली. “पुस्तक बांधताना मी जुनी जुजबंदी, पाठीची शिवण, उसवली. पानांच्या जुड्या सुट्या केल्या. बाकी सगळा दोरा शाबूत होता, फक्त त्या एका जागी तुटलेला होता. पाठीचा सरसही तिथंच तडकलेला. पुस्तक कुठंही धरलं तरी तिथंच उघडायचं. उसवण्याआधी मी चार वेळा धरून बघितलं. आणि पान उघडलं की अंगठा जिथं पडतो, तिथंच ते वचन. आता शिवण सगळीकडे सारखी आहे.”

“तिथंच का तुटला?” सलोमीनं विचारलं.

अन्नानं फडताळाकडे बोट केलं. काळा गोटा नेहमीच्या जागी होता. तो पुसून ठेवण्यात घरातल्या तीन पिढ्यांच्या बायकांचे हात झिजले होते, त्याची गोष्ट घरातलं शेंबडं पोरही सांगायचं, आणि त्याच्या वजनाखाली पुस्तकाची पाठ मोडली असेल हे मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

गुरुजींचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. “म्हणजे इतकी वर्षं देव एका तुटक्या दोऱ्यातून बोलत होता, असं म्हणायचंय तुला?”

“देव बोलत होता की नाही, ते मला माहीत नाही, बाबा. तुम्ही बोलत होतात, एवढं माहीत आहे.”

“अन्ना!”

“मला बोलू द्या. मी कधी बोलले नाही.” तिचा आवाज वाढला नाही, उलट खाली गेला, त्यामुळे सगळेच पुढं सरकले. “योहानला पोस्टात नोकरी लागली, तेव्हा तुम्ही अंगठा ठेवलात. वचन आलं, निघ. तुम्ही म्हणालात, देवच पाठवतोय, जा. दोन वर्षांनी सहादेवनं मला मागणी घातली. ट्रेनिंग कॉलेजला माझ्याबरोबर होता, सोनईचा, ख्रिस्ती नव्हता, तुम्हाला आठवत असेल. तुम्ही अंगठा ठेवलात. तेच वचन आलं, निघ. आणि तुम्ही म्हणालात, आपण त्या नातलगांतून एकदा निघालोय, पुन्हा जायचं नाही. एकच ओळ, बाबा. त्याला जा म्हणाली आणि मला जाऊ नको म्हणाली. तेव्हा मला हे दिसलं नाही. मला वाटलं देवानं माझं नाव घेऊन सांगितलं. देवाचा शब्द म्हणून मी इतकी वर्षं एकटी राहिले, आणि त्याचा मला अभिमान होता. जानेवारीपर्यंत होता.”

योहान सतरंजीचे दोरे उपसत होता. होल्डॉल खांद्यावर मारून आपण शीळ घालत एस.टी.त चढलो होतो, ते त्याला आठवलं. बहिणीच्या वेळी तो सुटी काढून घरी आला होता, आणि आमेन म्हणून संध्याकाळच्या गाडीनं परत गेला होता. आत्ता, मघाशी, तसंच आमेन त्याच्या तोंडातून निघालं होतं. त्याला स्वतःची शरम वाटली.

“अक्का म्हणते ते बरोबर आहे,” तो म्हणाला.

पुष्पावतीनं त्याच्याकडे अशी नजर टाकली, की सावेडीला गेल्यावर याचा हिशेब होणार हे ठरून गेलं. “अहो, पण म्हणून काय पुस्तकाचं ऐकायचंच नाही? मग आपल्यात आणि बाहेरच्यांत फरक काय राहिला?”

“तेच मला कळेनासं झालंय,” गुरुजी म्हणाले. त्यांनी पुस्तक सतरंजीवर ठेवलं, भिंतीचा आधार घेऊन उठले आणि मागच्या दारानं बाहेर गेले.

गोठा रिकामा होता. बैलजोडी माघातच विकली होती. दावणीला दोऱ्या तशाच होत्या, गव्हाणीत धूळ. गुरुजी गव्हाणीच्या कठड्यावर बसले. लेकीचा राग आला होता, आणि तो राग टिकवून धरायचा ते खूप प्रयत्न करत होते. शास्त्राची शिवण उसवणारी! पण राग टिकेना. कारण एक गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती, स्वतःलाही नाही. डोळे मिटून पुस्तक उघडताना अंगठा कुठं पडणार हे त्यांना ठाऊक असायचं. अंगठ्याला पान माहीत होतं, पानाला अंगठा माहीत होता. सहादेवच्या वेळी त्यांना भीती वाटली होती. गुरुजींची पोरगी बाहेर गेली, असं मंडळी म्हणतील, पंचांच्या बैठकीत आपल्याकडे कुणी बघणार नाही, ही भीती. तिच्याशी ते सरळ बोलू शकले असते. त्यापेक्षा अंगठा ठेवणं सोपं होतं.

राहेलबाई कपबशी घेऊन आल्या. “च्या घ्या.”

“नको.”

“घ्या. पानी वाया जाईल.”

त्यांनी चहा घेतला. राहेलबाई दावणीच्या दगडावर टेकल्या.

“तूही मला बोलणार का?”

“म्या काय बोलू? मला वाचता येत न्हाई. देवळात पाळक वाचत्यात त्ये आयकते, इसाकाचं आयकलंय, योसेफाचं आयकलंय. पर आपल्या घरच्या पुस्तकातलं म्या जलमभर येकच वळ आयकली. निघ. तुमी वाचता आन मिटता.” त्या थोडं थांबल्या. “त्या पानावर फुडं काय हाय वो? निघाला त्यो अब्राम, मंग फुडं काय झालं?”

गुरुजींनी हा अध्याय शाळेत कितीदा तरी शिकवला होता, परीक्षेत त्यावर प्रश्न काढले होते. पण या पुस्तकातून, या घरात, आपल्या माणसांना? त्यांनी बशी खाली ठेवली आणि ते उठले.

आत आले तेव्हा सगळे होते तिथंच होते. गुरुजी आपल्या जागी बसले नाहीत, ते सलोमीच्या शेजारी, सतरंजीच्या मध्यावर बसले. पुस्तक उचलून त्यांनी अन्नाच्या मांडीवर ठेवलं.

“तू वाच.”

“मी?”

या पुस्तकातून घरातल्या बाईनं कधी वाचलं नव्हतं. पुसायचं, गुंडाळायचं, शिवायचं, एवढंच त्यांच्याकडे होतं.

“तू बांधलंस ना? वाच. त्या वचनापासून. आणि मी थांब म्हणेपर्यंत थांबू नकोस.”

अन्नाला पान शोधावं लागलं. या घरात ते पान पहिल्यांदाच कुणी शोधत होतं. तिनं वाचायला सुरुवात केली. निघ, असं देव म्हणाला, इथवर सगळ्यांचे ओठ तिच्याबरोबर हलले. पुढं ओठ थांबले. पुढं देव अब्रामाला आशीर्वाद देत होता, आणि म्हणत होता की पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांना तुझ्यामुळे आशीर्वाद मिळेल.

“सगळ्या?” सलोमीनं विचारलं.

“सगळ्या, असंच आहे,” अन्ना म्हणाली आणि पुढं वाचत गेली. अब्राम निघाला, त्या देशात पोचला, त्यानं वेदी बांधली. आणि मग त्या देशात दुष्काळ पडला.

राहेलबाईंनी कपाळाला हात लावला. “आगं बया. तितंबी?”

“तिथंही. फार मोठा दुष्काळ.” तिनं बोटानं ओळ धरली. अब्राम जगायला मिसरात गेला. सीमेवर त्याला भीती वाटली. बायको देखणी, तिच्यापायी हे लोक मला मारतील, म्हणून तो तिला म्हणाला, तू माझी बहीण आहेस असं सांग. राजाच्या माणसांनी तिला राजवाड्यात नेलं, आणि अब्रामाला तिच्यापायी मेंढरं मिळाली, बैल मिळाले, गाढवं मिळाली.

“आन ती?” राहेलबाई म्हणाल्या. “तिला कुनी इचारलं का, बाई तुला जायाचं हाय का म्हनून?”

अन्नानं ओळी पुन्हा पाहिल्या. “नाही, आई. ती काय म्हणाली ते इथं लिहिलेलंच नाही.”

तिनं बोट त्या ओळीवरून उचललं. गुरुजींनी मान खाली घातली होती. योहाननं पाणी पुढं केलं, तिनं ते घेतलं नाही. शेवटच्या ओळी तिनं भराभर वाचल्या. खरं काय ते राजाला कळलं, तेव्हा त्यानं अब्रामाला बोलावून विचारलं, तू मला खरं का सांगितलं नाहीस? आणि त्याची बायको त्याच्या हवाली करून त्याला वाटेला लावलं.

“परक्या माणसानं विचारलं,” गुरुजी हळू म्हणाले. “अब्रामाला, विश्वासाच्या बापाला. आणि त्याच्याकडे उत्तर नव्हतं.” त्यांनी चष्मा काढला. “हे मी पोरांना शिकवायचो. भीतीनं अब्रामाच्या हातून काय घडलं, असा प्रश्न घालायचो. पाच मार्कांना.”

ते सलोमीकडे वळले.

“ऐक, बेटा. हे लग्न मला पसंत नाही. विश्वास नसणाऱ्याबरोबर विजोड जुवाला मान देऊ नका, असं पौलानं लिहिलंय, आणि ते मी पुसून टाकू शकत नाही. अविश्वासी नवऱ्याबरोबर नांदणाऱ्या बाईबद्दलही त्याच पौलानं लिहिलंय, तेही पुसून टाकू शकत नाही. रूथ परक्या कुळातून आलेली सून होती, तेही नाही. ते सगळं आपण वाचू. आठवडाभर रोज वाचू, सगळ्यांनी बसून. तू वाच, प्रार्थना कर, आणि ठरव. पण आज ‘नको’ म्हणतोय तो मी. तुझा बाप. देव नव्हे. माझी भीती मी देवाच्या तोंडी घालणार नाही.”

“आणि मी हो म्हणाले तर?”

“तर माझं नाही मी त्या मुलाला तोंडावर सांगेन, आणि मग त्याला जेवायला वाढेन. येत्या रविवारी आण त्याला. दार तुझंच आहे, ते लावून घ्यायचा हक्क मला कुठल्याही पानावर दिलेला नाही.”

सलोमीनं बापाचा हात धरला आणि ती मोठ्यानं रडली. पुष्पावती काहीतरी बोलणार होती, पण सासऱ्यांकडे बघून तिनं नुसता पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

अन्ना पुस्तक मांडीवर धरून तशीच बसली होती.

“बाबा,” ती म्हणाली, “‘नको म्हणतोय तो मी, देव नव्हे.’ हे एवढंच मला तेव्हा सांगितलं असतंत.”

गुरुजी तिच्याकडे वळले.

“मी कदाचित सहादेवला नाहीच म्हटलं असतं. तुमच्यासाठी म्हटलं असतं. आईसाठी म्हटलं असतं. पण ते माझं नाही असतं. गेल्या वर्षी त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. टाका सुबक होता तिचा. मी तिला शिकवायचे आणि मनात म्हणायचे, देवाची इच्छा. रोज म्हणायचे.”

“मला माफ कर, पोरी.”

“करेन,” अन्ना म्हणाली. “आज नाही जमणार. पण करेन.”

उत्तरेकडून वावटळ उठली आणि मागच्या दारानं गरम धुळीचा झोत आत आला. पुस्तकाची पानं फडफडायला लागली. राहेलबाई चटकन उठल्या, हाताला सवय होती, त्यांनी फडताळातला गोटा घेतला आणि पानावर ठेवला. पानं गप्प झाली.

गुरुजींनी तो गोटा उचलला. थोडा वेळ हातात धरला, मग आपल्या मागं जमिनीवर ठेवून दिला. अन्ना पानावर हात आडवा धरून त्यांच्याकडे बघत होती.

“अध्याय संपला, बाबा. मिटू?”

“थांब म्हणालो का मी?” त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. “पुढं वाच.”

अन्नानं पदरानं डोळे पुसले आणि पान उलटलं.